लोण्याच्या खोलीतली बुरशी

वर्ध्याला कशाला गेली होतीस, असं कुणी विचारलं की मी "बुरशी बघायला" म्हणते आणि समोरचा हसतो. वर्ध्याला लोक आश्रम बघायला जातात, कुणाच्या लग्नाला जातात. थंडीत वाढणारी बुरशी बघायला वर्ध्याला कुणी जात नाही, आणि एप्रिलच्या शेवटी तर मुळीच नाही. मी गेले. आणि कौतुकाने वगैरे गेले नाही, जळफळाटाने गेले. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाचा गैरसमज नको.

त्याचं असं झालं. मी पुण्यात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. थंड मुलखातल्या मातीत काही बुरश्या असतात, त्या चरबी पचवणारं विकर अंगाबाहेर सोडतात. विकर म्हणजे एन्झाइम, आणि चरबीवाल्या या विकराचं नाव लायपेज. लायपेज आपल्याही पोटात असतं, पण त्याला अंगाची ऊब लागते. थंडीत मुरलेल्या बुरशीचं लायपेज मात्र बर्फाच्या पाण्यातसुद्धा तूप-तेल फोडतं. थंडीच्या दिवसांत तुपाचं ताट गार पाण्यात घासून बघा, म्हणजे या विकराच्या मागे लोक का लागतात ते कळेल.

मीही लागले होते. त्यापायी दोनदा हिमाचलात जाऊन आले, लाहौलच्या बाजूला. घसरून पडले, नाक सोलपटलं, पिशव्या भरभरून माती आणली. त्यातल्या बुरश्या माझ्या फ्रीजमध्ये झकास वाढल्या, पण चरबीकडे ढुंकून बघेनात. लोण्याच्या थाळीवर ठेवल्या की नुसत्या पांढऱ्या केसांसारख्या पसरायच्या आणि लोणी जसंच्या तसं. वर्षं गेली. विभागातले लोक विचारायचे बंद झाले.

आणि मग कुंदाचा फोन. कुंदा म्हणजे नागपूरला एम.एस्सी.ला असतानाची माझी खोलीतली मैत्रीण. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. प्रयोगात मी पहिली आणि ती माझ्या वहीतून आकृत्या उतरवणारी. पुढे तिचं लग्न झालं, वर्ध्याच्या एका कॉलेजात शिकवायला लागली आणि माझ्या मते संपली. ती फोनवर म्हणाली, "लले, मले एक बुरशी भेटली वं. थंडीत लोणी खाते."

"कुठं गेली होतीस? हिमालयात?"

"हट्! समुद्रपूरले. मामाजीच्या लोण्याच्या खोलीत."

मी फोन ठेवला. समुद्रपूर! आणि तिथून थंडीतली बुरशी? काहीतरी चुकलं असणार. साधी भाकरीवर येते ती बुरशी असणार. हे आपण स्वतः जाऊन बघितलं पाहिजे, असं मी ठरवलं. बॅगेत कपड्यांच्या खाली मातीसाठी निर्जंतुक पिशव्या आणि एक चमचाही घातला, त्याची तेव्हा वाच्यता केली नाही.

नालवाडी

वर्ध्याच्या स्टेशनावर उतरले ती भट्टीत उतरले. सकाळ पुरती झाली नव्हती तरी वारा चटके देत होता. कुंदा स्कूटर घेऊन आली होती. डोळे सोडून सगळं तोंड दुपट्ट्याने गुंडाळलेलं, त्यामुळे मी तिला ओळखलंच नाही, एका भलत्याच बाईकडे बघून हसले. तिकडे सगळ्याच बायका तशा बांधून हिंडतात. कुंदाने माझ्याही डोक्याला दुपट्टा आवळला, पर्समध्ये एक कांदा टाकला आणि म्हणाली, "राहू दे. ऊन लागत नाई." पुण्यात मी असल्या गोष्टींना नाक मुरडलं असतं. इथे गप्प बसले, कारण तोंड उघडलं की टाळू सुकत होती.

ती नालवाडीत राहते, गावाच्या टोकाला. घरात शिरलं की वाळ्याचा ओला वास आणि कुलरची घरघर. नवरा नागपूरला नोकरीला, शनिवारी येतो. तिने मला तर्री घातलेले पोहे दिले, त्यावर अर्धं लिंबू. पोहे खाताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिखटाचं होतं. निदान मी तसं म्हटलं.

"चल, आधी दाखव," मी म्हटलं.

जवळच्याच कॉलेजातली तिची प्रयोगशाळा बघून मला जरा बरं वाटलं. एक फ्रीज, एक जुना सूक्ष्मदर्शक, थाळ्या पुन्हा पुन्हा वापरून पांढुरक्या झालेल्या. आमच्याकडे यापेक्षा चांगलं सामान अडगळीत पडलंय. ती फ्रीजमध्ये हात घालून शेवयांच्या डब्यातून थाळ्या काढत होती आणि मी मनात म्हणत होते, यातून काय निघणार बाई.

मग तिने एक थाळी माझ्या हातात दिली. आगरात लोणी घोटून मिसळलं की थाळी दुधासारखी गढूळ दिसते. त्यात मध्ये रुपयाएवढा राखाडी ठिपका होता, आणि त्याच्याभोवती हे एवढं लख्ख स्वच्छ कडं. गढूळपणा साफ गेलेला. ठिपक्यातून लायपेज झिरपत बाहेर गेलं होतं आणि वाटेतलं सगळं लोणी त्याने फस्त केलं होतं. अशी थाळी मी किती वर्षं स्वप्नात बघत होते ते माझं मला माहीत.

"हे फ्रीजमध्येच झालं?" माझा आवाज मलाच ओळखू आला नाही.

"मग कुठं? ही पाह्य, ही भायेर टेबलावर ठेवली होती."

दुसरी थाळी कोरी होती. त्याच दिवशी, त्याच बुरशीची पेरलेली, पण टेबलावरच्या उन्हाळ्यात काहीच उगवलं नव्हतं. म्हणजे भाकरीवरची बुरशी नव्हती. भाकरीवरची बुरशी वर्ध्याच्या उन्हात नाचली असती. ही खरी गारठ्यातली होती, उबेत हातपाय गाळणारी. मी चूक शोधायला आले होते आणि पहिल्याच तासात मी हात टेकले.

"पण अगं वर्ध्यात ही आली कुठून?"

"बुरशीले कोण तिकीट मागते? मातीत असन, दुधासंग आली असन, हवेत असन. थोडी थोडी सगळीकडं असते. जिथं तिचं जमते तिथं राह्यते." मग ती तोंड पुसत म्हणाली, "मी म्हटलं, थंडी आहे अन् चरबी बी आहे, अशी माती कुठं भेटन? हिमालयात थंडी आहे, पण तिथं लोणी कोण सांडते? मग आठवलं, आमच्या मामाजीच्या लोण्याच्या खोलीत."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, समुद्रपूरचे लोण्या-तुपाचे व्यापारी. त्यांच्याकडे जुनी शीतखोली आहे, आत मातीची जमीन, आणि तिच्यावर वर्षानुवर्षं लोण्याचे डबे गळतायत. बुरशीला तिथे लोणी खायला शिकावंच लागलं असणार. इतकं सरळ. ते मला का सुचलं नाही? मी हिमालयात कडे चढत होते आणि हिने सासऱ्याच्या खोलीत खाली बघितलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. "हुशार आहेस हं," असं मी म्हटलं, आणि ते म्हणताना दात एकमेकांवर घासले गेले.

समुद्रपूर

दुसऱ्या दिवशी हिंगणघाटवरून एसटीने समुद्रपूरला निघालो. दोन्ही बाजूंना काळी शेतं नांगरून पडलेली, ढेकळं दगडासारखी, आणि धुऱ्याधुऱ्यावर, म्हणजे बांधाबांधावर, पऱ्हाटीचे भारे. कपाशीची वाळकी झाडं, चुलीसाठी रचून ठेवलेली. मधेच एखादा कडुनिंब इतका हिरवागार की डोळे निवावेत. कुंदा खिडकीजवळ बसून लोकांशी गप्पा मारत होती. कंडक्टर तिचा विद्यार्थी निघाला, आणि तिकीट फाडता फाडता त्याने विचारलं, "मॅडम, ते बुरशी कशी आहे?" बुरशीची चौकशी! मला माझ्या विभागप्रमुखांनीसुद्धा कधी विचारलं नाही.

माझा बेत साधा होता. शीतखोलीत जायचं, कुंदाचं लक्ष नसताना चमचाभर माती पिशवीत घालायची आणि पुण्याला नेऊन आपली बुरशी आपण काढायची. माती काही कुणाच्या नावावर नसते. एकाच मातीतून दोघींना बुरशी मिळाली तर त्यात चोरी कसली? हे सगळं मी एसटीत नीट घोळवून ठेवलं होतं.

कुंदाचे सासरे दारातच उभे होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, हातात चाव्यांचा जुडगा. "या बाई, या! पुण्याच्या सायन्सवाल्या मॅडम आमच्याकडं येऊन राह्यल्या म्हणल्यावर दोन दिस झोप नाई मले." त्यांनी गुळाचं गार पन्हं दिलं आणि आमचं पन्हं संपायच्या आतच म्हणाले, "चला, खोली पाह्यजा."

खोलीचं दार जाडजूड, आत भुसा भरलेलं. ते उघडलं आणि गारठ्याचा लोट अंगावर आला. बाहेरच्या उन्हातून त्यात शिरताना माझ्या तोंडून "अहाहा" निघून गेलं. दिवा लागला. मी खाली बघितलं. कुंदानेही बघितलं.

जमीन चकचकीत होती. सिमेंटचा नवाकोरा कोबा, कडेने चुन्याची पांढरी पट्टी, मधोमध रांगोळी.

"मामाजी," कुंदा हळूच म्हणाली, "इथली माती?"

"काहाडली नं सगळी! किती वर्षाचा चिखल, काय वास, बाप्पा! मॅडमले असं दाखवा का? चार माणसं लावली, पुरी खरडून काहाडली, चुना टाकला, मंग कोबा. कसं झालं, बाई?" ते माझ्याकडे बघत होते. डोळ्यांत नुसतं कौतुक ओसंडत होतं.

माझ्यासाठी. माझ्या स्वागतासाठी त्या भल्या माणसाने जगातली एकुलती एक लोणीखाऊ गार माती खरवडून टाकली होती.

खरं सांगू? पहिल्यांदा मला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या खाली एक गोड गुदगुली होती. गेली! आता हिलाही नाही, मलाही नाही. मग मी कुंदाचा चेहरा बघितला आणि ती गुदगुली जिथल्या तिथे आंबली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"अहो, पण तुम्हाला माहीत होतं ना, त्या मातीतच तिला बुरशी मिळाली?" मीच बोलले, जरा जोरातच.

म्हातारे गोंधळले. "हो त! पण सूनबाईनं त नेली होती नं माती, डबाभर? काम झालं म्हणून म्हटलं." त्यांनी सुनेकडे बघितलं आणि त्यांच्या ध्यानात यायला लागलं. हातातल्या चाव्या वाजायच्या थांबल्या. "काऊन वं पोरी? चुकलं का माहं?"

कुंदाने त्यांच्याकडे बघितलं. मी तिच्या जागी असते तर त्या गार खोलीची भट्टी केली असती. ती म्हणाली, "नाई मामाजी. लय साफ झालं. नाई तरी डबे सरकवायले त्रासच होता." आणि वाकून रांगोळी बघायला लागली. "हे कोणं काहाडली? आत्याबाईनं?" आत्याबाई म्हणजे तिच्या सासूबाई.

म्हाताऱ्यांचा जीव भांड्यात पडला. माझा मात्र कुठेच पडला नाही. बुरशी तिची, घाव तिच्यावर, आणि तीच दुसऱ्याला सांभाळते! मला हे जमलं नसतं, या जन्मात नाही. बुरशीचा हेवा कमी होता का, की आता हिच्या स्वभावाचाही करायचा?

जेवणाआधी मी मागच्या अंगणात गेले. खरवडलेली माती उकिरड्यापाशी टाकली होती. उन्हाने तिच्या वाळून खपल्या झाल्या होत्या आणि एक कुत्रं लोण्याच्या वासाने तिच्यात नाक खुपसून बसलं होतं. मी कुत्र्याला हाकललं, ते गुरगुरलं, मी पिशवी काढली आणि खपलीखालची जरा ओलसर वाटणारी माती भरली. मागून कुंदाचा आवाज आला, "घेजो, घेजो. पण त्यात आता जीव नसन वं. कालचं ऊन पाह्यलं नं तू."

तिने मला रंगेहाथ पकडलं होतं आणि तिला त्याचं काहीच वाटत नव्हतं. मी पिशवीला गाठ मारत उगाच म्हटलं, "असूदे, प्रयत्न करून बघते." ती म्हणाली, "हो, पाह्य. भेटली त मलेबी सांगजो." त्या मातीतून पुढे पुण्यात साधी काळी बुरशी आली, भरपूर आली, तेही इथेच सांगून ठेवते.

अल्लीपूर

परतताना वाट वाकडी करून कुंदाच्या माहेरी अल्लीपूरला उतरलो. शेतकऱ्याचं मोठं घर, ओसरीवर बाजा टाकलेल्या. तिच्या वहिनीने आमरस आणि सरगुंडे केले होते. सरगुंडे म्हणजे गव्हाच्या पिठाच्या, काडीला गुंडाळून वाळवलेल्या पोकळ शेवया. त्या शिजवतात आणि वरून रस ओततात. आमच्याकडे रस वाटीत वाढतात आणि वाटी चाटून पुसून संपवली की दुसरी घेऊ का असं विचारतात. इथे वहिनी पातेलं घेऊनच बसली होती, आणि रसावर तूप, तेही पळीने.

"बास बास," मी म्हटलं, "इतकं तूप पचणार नाही मला."

"नाई पचलं त आमच्या कुंदाताईची बुरशी आहे नं," वहिनी म्हणाली आणि सगळं घर हसलं. "मॅडम, गावात सगळ्याले माहीत आहे. तूप खाणारी बुरशी पाळली म्हणते ताईनं. आमची शेजारीण इचारत होती, ताटं घासाले थोडी भेटन का?"

"भेटन, भेटन," कुंदा म्हणाली. "आधी तिले जिवंत त ठेवू दे."

ती हसत बोलली, पण मी तिच्याकडे बघत होते. रस तिने जेमतेम चाखला होता. तेवढ्यात वर फिरणारा पंखा थांबला. लाईन गेली. वहिनीने बसल्या जागी हातपंखा उचलला, जणू रोजच्या वेळेला पाहुणा आला. त्या वर्षांत तिकडे भारनियमनाचा कहर होता. कुंदा पंख्याच्या पात्यांकडे बघत म्हणाली, "म्हणजे तिकडंबी गेली असन." तिकडे म्हणजे तिच्या कॉलेजात, तिच्या फ्रीजला. आता माती नव्हती, डबाभर नेलेली तर तिने केव्हाच वापरून संपवली होती. जे काही होतं ते त्या फ्रीजमधल्या नळ्यांत होतं, आणि मे महिना अजून सुरूही झाला नव्हता.

पुन्हा नालवाडी

निघायच्या दिवशी सकाळी मी बॅग भरत होते. कुंदा आतून रुंद तोंडाचा बर्फाचा थर्मास घेऊन आली. झाकण उघडून दाखवलं. बर्फाच्या खड्यांत, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक काचेची नळी. आत तिरप्या आगरावर राखाडी मखमल.

"ही तू घेऊन जा."

"मी?"

"मग कोण? इथं मे महिन्यात लाईनचं काई खरं नाई. मी जपते जमन तितकं. बर्फ आणते, कुलरपाशी ठेवते. पण त्याचा भरवसा नाई. तुह्याकडं मोठा फ्रीज आहे, जनरेटर आहे. एक नळी तरी राह्यली पाह्यजे." मग तिने बोट उगारलं, "पण रस्त्यात बर्फ बदलजो. ऊब लागली त गेलीच समज."

मी जिच्यावर जळत इथवर आले, जिच्या मातीवर हात मारायचा बेत करून आले, ती माझ्या हातात तिचं सगळं ठेवत होती. ना कागद, ना अट, ना "माझं नाव विसरू नकोस." निदान थोडा संशय तरी घे की बाई! मला राग आला. इतका विश्वास ठेवला की माणसाला जळायलाही जागा उरत नाही.

"कुंदे, मी ही घेऊन माझ्या नावाने काम सुरू केलं तर?"

ती हसली. "कर. पण आधी जगव."

परतीची गाडी

गाडी दुपारची. डब्याच्या खिडक्यांतून झळा येत होत्या, पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. थर्मास मी मांडीवर घेऊन बसले. समोर पुलगावला चढलेल्या एक बाई होत्या. त्यांनी विचारलं, "औषध आहे का?"

"नाही. मैत्रिणीचं आहे."

"काय?"

काय सांगणार? मी म्हटलं, "मैत्रिणीचं लोणी." त्या म्हणाल्या, "हो का," आणि समजूतदारपणे पिशवीतलं गोरसपाकाचं बिस्किट माझ्या पुढे केलं. ते तोंडात टाकलं आणि तुपासारखं विरघळलं.

बडनेऱ्याला थर्मास हलवून बघितला तर आत पाणी डचमळत होतं. बर्फाचे खडे फुटाण्याएवढे उरले होते. अकोला येईपर्यंत पुष्कळ वेळ होता, आणि त्या वेळात माझ्या मनात जे आलं ते आलं. मला काहीच करायचं नव्हतं. कुणाला विष घालायचं नव्हतं, काही फोडायचं नव्हतं. नुसतं बसून राहायचं होतं. बर्फ आपोआप वितळला असता, नळी आपोआप कोमट झाली असती, आणि मी पुण्याहून फोन करून म्हटलं असतं, "अगं, खूप प्रयत्न केला, पण उन्हाळा केवढा." तिने विश्वास ठेवला असता. वर माझंच सांत्वन केलं असतं. मग तिकडे तिच्या नळ्या मे महिन्याने खाल्ल्या असत्या आणि आम्ही दोघी पुन्हा सारख्या झालो असतो. नागपूरच्या त्या खोलीत होतो तशा, मी थोडी वर.

अकोला आलं. गाडी थांबली. मी बसून होते. समोरच्या बाई म्हणाल्या, "उतरायचं नाही का? लोणी पातळ होईल तुमचं." खिडकीतून लस्सीवाला दिसत होता, लाकडी पेटीतल्या बर्फावर लोखंडी सळई आपटत होता. मी बसूनच होते.

मग एकदम उठले. चांगुलपणाने उठले असं मला म्हणता येणार नाही. मला ते कडं आठवलं. दुधाळ थाळीतलं लख्ख, गोल, स्वच्छ कडं. ते मला पुन्हा बघायचं होतं, माझ्या टेबलावर, माझ्या दिव्याखाली, भले बुरशी कुणाची का असेना. मी धावले. लस्सीवाला म्हणाला, नुसता बर्फ विकत नाही. मी त्याला लस्सी दे म्हटलं, तर तो ग्लास भरायला लागला. मी ओरडले, "लस्सी तू पी, बर्फ दे!" त्याने घाबरून मूठभर खडे थर्मासात लोटले. शिट्टी झाली, पायात चप्पल एकच उरली, आणि समोरच्या बाईंनी मला हाताला धरून वर ओढलं. भुसावळला पुन्हा तोच तमाशा केला, फक्त अनवाणी.

पुण्यात घरी न जाता रिक्षाने सरळ विभागात गेले. नळी फ्रीजमध्ये ठेवली, त्यातून थाळ्यांवर पेरणी केली आणि वाट बघत बसले. ते दिवस कसे गेले ते सांगत नाही. एके सकाळी दार उघडलं, थाळी दिव्याखाली धरली, आणि ठिपक्याभोवती ते कडं होतं. मी एकटीच खुर्चीवर बसून हसले आणि मग रडले, आणि त्यात आनंद किती आणि जळफळाट किती हे मला आजही वेगळं काढता येत नाही.

मे महिना संपत आला तेव्हा कुंदाचा फोन आला. नालवाडीकडचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता. वाऱ्यावादळाने खांब पडले होते, कितीतरी दिवस लाईन नव्हती. तिने बर्फ आणला, सासऱ्यांच्या शीतखोलीत नळ्या हलवल्या, तिथलंही गारवा करणारं इंजिन बंद पडलं. "सगळ्या गेल्या वं लले," ती म्हणाली. "एकबी राह्यली नाई. पेरून पाह्यल्या, कोऱ्याच्या कोऱ्या." तिचा आवाज बसला होता.

मी फ्रीजच्या दाराला टेकून उभी होते. दाराच्या आत जगातली उरलेली सगळी होती. आता ती विचारणार, तुझ्याकडची आहे का? आणि मला "नाही" एवढंच म्हणावं लागणार होतं. तेवढंच. गाडीत जे बसून करता आलं नाही ते आता उभ्या उभ्या करता आलं असतं. मी प्रश्नाची वाट बघत राहिले.

ती म्हणाली, "बरं, ते जाऊ दे. मी तुले दुसऱ्याच गोष्टीसाठी फोन केला. हिंगणघाटले एक जुना बर्फाचा कारखाना आहे, तिथं आईस्क्रीमवाले मलई ठेवत होते म्हणे. पावसाळ्याआधी माती काढू म्हणते. तू येतं का?"

"कुंदे," मी म्हटलं, "माझ्याकडची आहे का, ते नाही विचारलंस?"

"ते कायले इचारू?" ती म्हणाली. "ते त आहेच नं. तू मले हे सांग, तू येतं का नाई?"

मी "येते" म्हटलं आणि फोन ठेवला. फ्रीज उघडला आणि थाळीकडे बघत उभी राहिले. मी तिच्या जागी असते तर पहिला प्रश्न तोच विचारला असता, आणि उत्तर काहीही आलं असतं तरी त्यावर विश्वास ठेवला नसता.